चित्र अडकतं, तेव्हा

मंगळवार, ११ मार्च २०२५

कारखान्यात एखाद्या मागाला दुखणं लागलं की मी वहीत लिहून ठेवतो. काय बिघडलं, काय बदललं, पुढं काय झालं. घरच्या कॉम्प्युटरसाठी अशी वही करावी लागेल असं वाटलं नव्हतं. पण बसूने आणून दिलेलं हे धूड पहिल्याच दिवशी अडकायला लागलं, म्हणून आजपासून लिहितो.

बसू माझा चुलतभाऊ. भवानी पेठेत त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गावातला एक गेमिंग कॅफे बंद झाला, तिथलं मशीन त्याच्याकडे आलं. मोठं ग्राफिक्स कार्ड, पंख्यांत रंगीत दिवे, टेबलाला आवळून बसवायचं स्टिअरिंग आणि पायात पेडल. मी ते मागून घेतलं ते गाडीचा हात बसवायला. लायसन्स निघालंय, ड्रायव्हिंग स्कूलच्या फेऱ्या झाल्या, पण हायवेची धास्ती जात नाही. माझी बायको महानंदा, तिच्या थोरल्या बहिणीच्या मुलीचा साखरपुडा तेरा एप्रिलला अकलूजला आहे. पाडव्याला आपली गाडी येईल आणि अकलूजला मीच चालवत नेईन, असं मी सगळ्या घराला सांगून बसलोय. अकलूजलाही कळवून झालंय.

गेम छान आहे. मोठा मुलूख, शहरं, घाट, शेतं, कुठंही जा, कुणी अडवत नाही. माझी मुलगी अक्षता शेजारी स्टूल घेऊन बसली आणि डावीकडं घ्या, उजवीकडं घ्या सांगत राहिली. यंदा सातवीत जाईल, पण हुकूम हेडबाईंसारखे. बराच वेळ झकास गेला. मग घाटातल्या एका वळणावर चित्र अडकलं. पुन्हा दिसलं तेव्हा गाडी कठड्यापलीकडे खड्ड्यात, चाकं वर. वळण कधी आलं, कधी गेलं, दिसलंच नाही. अक्षता हसत होती. म्हणाली, अप्पा, वळवायचं असतं की.

गुरुवार, १३ मार्च

बसूशी फोनवर बोललो. तो म्हणतो याला स्टटर म्हणतात, ओपन वर्ल्ड गेमला हे दुखणं असतंच. एवढा मोठा मुलूख एकदम मेमरीत मावत नाही. गाडी जाईल तसा पुढचा तुकडा डिस्कवरून उचलला जातो, उचलायला उशीर झाला की चित्र थांबतं. शिवाय नवं झाड, नवं घर पहिल्यांदा दिसायचं तर कार्डाला त्याचं रंगकाम आधी तयार करावं लागतं, तेव्हाही हिसका बसतो. पटलं. धोट्यातली सुताची कांडी संपली की मागही थांबतोच.

एक गोष्ट मात्र पटली नाही. उशीर झाला म्हणून चित्र थांबत असेल तर ते थांबल्या जागेवरून सुरू व्हायला हवं. माझी गाडी त्या वेळातही पुढं गेलेली असते. बसू म्हणाला, प्रत्येक गेमचं वेगळं असतं अण्णा, तुमी आधी जुना ड्रायव्हर पुसून नवा घाला.

घातला.

रविवार, १६ मार्च

पुन्हा अडकलं. आज दोनदा.

एका वेळी एकच बदल, ही माझी पद्धत. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि दुखणं गेलं तर कशानं गेलं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा अंधार. ड्रायव्हरनं फरक पडला नाही. गेम जुन्या फिरत्या डिस्कवर होता, तो आज एसएसडीवर हलवला. सुरू लवकर होतो. अडकायचा तसाच अडकतो.

नवी गोष्ट लक्षात आली. अडकायच्या आधी जळका वास येतो, कारखान्यात पट्टा घसरून तापला की येतो तसा. त्याच वेळी पोटातून काहीतरी वर चढतं, भीती वाटल्यासारखं. गेममध्ये घाबरण्यासारखं काय आहे, ते मलाच कळेना. पण वास खरा आहे. बॉक्स उघडून नाक लावलं, काही नाही. महानंदाला बोलावलं, तिला येईना. अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, लांबूनच कानडीत सांगितलं की कारखाना तुझ्या नाकातच जाऊन बसलाय.

वास येतो म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा तापतोय. अडकण्याचं कारणही तेच असणार. तापला की करंट कमी पडतो.

बुधवार, १९ मार्च

बसूने नवा पॉवर सप्लाय बसवला. जुना उघडून दाखवला, आत काही जळलेलं नव्हतं. तरी बदलला ते बरं झालं. संध्याकाळी वास आलाच, पण थोडा.

आज तात्याबाने कारखान्यात माझी चेष्टा केली. तात्याबा आमचा जुना विणकर, टॉवेलचे माग चालवतो. म्हणे मी पान्हा हातात धरून चालू मागासमोर पुतळ्यासारखा उभा होतो. त्यानं दोन हाका मारल्या, मी वळलो नाही. मग वळलो ते त्यालाच विचारलं म्हणे, हा माग कुणाचा. शेडमधले सगळे हसले. डोकं दिवसभर त्या कॉम्प्युटरमध्ये असतं, त्याचं हे फळ. निघताना तात्याबा बाजूला घेऊन हळूच म्हणाला की हात धोट्याच्या वाटेत होता. चालू मागाच्या इतक्या जवळ मी कधी जात नाही. त्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन राहिलंय, त्याला तसं दिसलं असेल.

रविवार, २३ मार्च

बसू स्वतः येऊन बसला. पडद्याच्या कोपऱ्यात त्यानं एक आलेख लावला. प्रत्येक चित्र काढायला मशीनला किती वेळ लागला, त्याची रेघ सरकत राहते. चित्र अडकलं की रेघ टोकासारखी वर उडते, आणि दोष कार्डाचा की डिस्कचा, ते पुढं शोधता येतं. मागाच्या दुरुस्तीला असं काही मिळालं असतं तर माझी निम्मी हयात वाचली असती.

मी चालवायला लागलो. बसूला गिऱ्हाइकाचा फोन आला म्हणून तो बाहेर ओट्यावर गेला. वास आला. पोटातलं ते वर आलं. मग मी बघतो तर गाडी नदीत, नुसतं छप्पर वर, आणि बसू दारात उभा.

आलेख मागं सरकवून बघितला. रेघ सरळ. कुठं बारीकसा काटासुद्धा नाही.

बसू म्हणाला, "अण्णा, मशीनला कायबी झालेलं न्हाय. तुमालाच डुलकी लागली असंल. पहिली पाळी करून आलाय."

"मी जागा होतो."

"मग रेघ खोटं बोलती काय?"

मला राग आला. माझं सगळं आयुष्य जॉबर म्हणून गेलंय. माग लावणं आणि माग दुरुस्त करणं, एवढंच मला येतं, पण ते नीट येतं. विणकर म्हणाला माग अडकतो, तर माग अडकतो. चालवणाऱ्यावर ढकलायचं आणि हात झटकून चहाला जायचं, हे आळशी जॉबरचं काम. दोष यंत्रात असतो. सापडत नसेल तर आपण अजून नीट शोधलेलं नसतं. माझ्या हाताखाली जी पोरं शिकली, त्यांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवलं. बसूलाही आज तेच ऐकवलं. तो बरं अण्णा म्हणाला, रॅमच्या पट्ट्या बदलून देतो म्हणाला आणि गेला. जाताना महानंदाशी ओट्यावर काहीतरी बोलत होता.

मंगळवार, २५ मार्च

रॅम बदलला. फरक नाही.

आज अक्षताला चालवायला दिलं. तिची परीक्षा जवळ आलीय, महानंदा ओरडली, पण मला ताडून बघायचं होतं. पोरीनं तासभर चालवलं, एकदाही अडकलं नाही. विचार केला, ती गावातल्या गावात फिरते, हळू चालवते, मशीनला मुलूख उचलायला वेळ मिळतो. मी हायवेला वेगात असतो. म्हणून मीही गावात हळू चालवून बघितलं. अडकलं. भाजी बाजारात घुसलो.

याचा अर्थ मला लावता येत नाही. तसं लिहून ठेवतो.

अक्षताला विचारलं की अडकतं तेव्हा तुला पडद्यावर काय दिसतं. ती म्हणाली तिला अडकलेलं कधी दिसलंच नाही. "तुम्ही नुसतं काहीतरी चघळता आणि गाडी सरळ जाते." मी काही चघळत नाही. तंबाखू सोडून मोठा काळ लोटला. तिनं करून दाखवलं. ओठ असे असे, म्हातारं माणूस दात नसताना करतं तसं. अव्वाला वाटलं तिचीच नक्कल चाललीय, ती रुसून आत गेली.

रविवार, ३० मार्च, पाडवा

गाडी आली. जुनी आहे, पण दिसायला नवी. महानंदानं चाकाखाली लिंबू ठेवलं, अव्वानं विभूती लावली. अकलूजच्या मेहुणीला फोटो पाठवला. तिचं लगेच उत्तर, भावजींनी स्वतः चालवत आणलं तरच जेवायला वाढीन.

सुट्टी म्हणून एमआयडीसीतले रस्ते मोकळे होते. बसूला शेजारी बसवून फेऱ्या मारल्या. गिअर, क्लच, रिव्हर्स, सगळं नीट. खऱ्या काचेतून बघताना चित्र कशाला अडकेल. गेमपेक्षा हेच सोपं वाटलं.

एकदाच बसूनं स्टिअरिंगला हात घातला. म्हणतो मी दुभाजकावर चाललो होतो आणि तो ओरडत होता. मला ओरडलेलं ऐकू आलं नाही. बसू लहानपणापासून घाबरट, विहिरीत उतरायलाही रडायचा. तरी परतताना त्यानं गाडी माझ्याकडे दिली नाही, स्वतः चालवत आणली. घरी बसला नाही, पुरणपोळी डब्यात घेऊन गेला. त्याचं वागणं मला आवडलं नाही.

शुक्रवार, ४ एप्रिल

बसूला पुरावा दाखवायचा म्हणून अक्षताला मोबाइल देऊन बाजूला उभं केलं. सांगितलं, पडदा आणि मी दोन्ही दिसायला पाहिजे. तिसऱ्या दिवशी अखेर सापडलं.

बघितलेलं जसंच्या तसं लिहितो. मी चालवतोय. नाक वर करतो, वास घेतल्यासारखं. मग थांबतो. पडदा थांबत नाही. रस्ता मागं पळतोय, झाडं जातायत, इंजिनाचा आवाज चालू आहे. गाडी सरळ जाऊन एका दुकानात शिरते, तरी माणसं ओरडतायत, पाऊस पडतोय, सगळं चालू. आणि मी बसलोय. उजवा हात शर्टाच्या बटणाशी काहीतरी खुडतोय. ओठ हलतायत. अक्षताचा आवाज येतो, अप्पा, अप्पा. मी तिच्याकडं बघतो, पण ओळखीनं बघत नाही. बऱ्याच वेळानं म्हणतो, बघ, अडकलं.

बटणाचं मला काही आठवत नाही.

यातून एक निघतं. गाडी सरळ गेली, म्हणजे स्टिअरिंगचं म्हणणं मशीनपर्यंत पोचलं नाही. केबल सैल असणार. इतके दिवस मी पडद्याकडं आणि डब्याकडं बघत राहिलो, स्टिअरिंगकडं लक्षच गेलं नाही. उद्या केबल बदलतो.

महानंदानं तो व्हिडिओ उभ्यानं बघितला. मग खाली बसून पुन्हा बघितला.

"हे कधीपासून?" तिनं विचारलं.

मी म्हणालो मशीन आलं तेव्हापासून.

"मी मशीनचं नाही विचारत."

मग ती आत गेली. गॅसवर दूध उतू गेलं तरी तिचं लक्ष नव्हतं. अक्षताला तिनं सांगितलं की उद्यापासून शाळेत चालत जायचं, अप्पांच्या बाइकवर बसायचं नाही. कारण विचारलं तर ऊन म्हणाली. उन्हात चालत जायचं, हे कसलं कारण.

बुधवार, ९ एप्रिल

नवी केबल. चार संध्याकाळी चालवलं, एकदाही अडकलं नाही. वास नाही, पोटातलं ते नाही. दोष सापडला. बसूला कळवलं, तर त्याचा आवाज खूश झाल्यासारखा वाटला नाही.

घरात मात्र वेगळंच चाललंय. महानंदानं मला न विचारता मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, साखरपुड्यानंतरच्या गुरुवारची. त्याआधीची मिळत नव्हती म्हणे. गाडीची चावी खिळ्यावर नाही. आणि आज सांगितलं की रविवारी तिचा भाऊ दिग्विजय सकाळी येईल आणि गाडी तो चालवेल.

मी म्हणालो, तिथं सगळ्यांना सांगून ठेवलंय, मी मागच्या सीटवर बसून उतरू काय. ती भाकरी थापत होती. थांबली नाही.

"उतरा की. उतराल तर खरं."

नंतर म्हणाली, "अहो, व्हिडिओत तुमच्याकडं बघताना मला माझा नवरा दिसला नाही. कोण होतं ते सांगा, मग चावी देते."

मी केबलचं समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. चावी दिली नाही.

एक शंका आहे, ती इथं लिहितो, दुसरीकडं कुठं बोलणार नाही. केबल सैल असली तर गाडी सरळ जाईल. पण केबल सैल झाली म्हणून मला अक्षताची हाक ऐकू येऊ नये, हे कसं? त्या दिवशी गेमचा आवाज मोठा होता. तसंच असेल.

रविवार, १३ एप्रिल

गाडी दारात आहे, बसूला बोलावून आणवली. चावी महानंदाच्या हातात दिली. ती देवळीजवळ बसून आहे. दिग्विजय थोड्या वेळात येईल. तोवर हे लिहून काढतो. मधलं मला माहीत नाही. अक्षता शेजारी बसून सांगतेय, ती सांगेल तसं लिहितो.

आधी मला माहीत आहे तेवढं. दुसरी चावी गाडीच्या कागदांबरोबर कपाटात होती, हे महानंदा विसरली होती. ती अंघोळीला गेली. नुसतं पेट्रोल भरून आणू, दिग्विजयला पंपावर थांबायला नको, एवढाच माझा विचार होता. एवढाच नव्हता. मला तिला दाखवायचं होतं. अक्षता साखरपुड्याचा परकर-पोलका घालून तयार होती, मी पण येते म्हणत पुढं येऊन बसली. मी तिला उतर म्हणालो नाही.

पंपावर नीट गेलो. पेट्रोल भरलं. हवा बघितली. परत निघालो. अक्कलकोट रोडला लागलो तेव्हा जळका वास आला. मला वाटलं क्लच जळतोय. पोटातलं ते वर आलं. त्याच्या पुढचं, गाडी रस्त्याच्या कडेला मुरमात वाकडी उभी, इंजिन बंद, आणि अक्षताचे दोन्ही हात हँडब्रेकवर. ती रडत नव्हती. बोटं पांढरी पडली होती.

मी म्हणालो, गाडी अडकली.

ती म्हणाली, "गाडी चालूच होती अप्पा. तुम्ही थांबला होता."

आता तिचं. ती सांगते की पंपावरून निघाल्यावर मी तिला मावशीकडं गोड काय असेल ते विचारत होतो. बोलता बोलता शब्द अर्धा राहिला. तिला वाटलं मी आठवतोय. मग ओठ हलायला लागले. सिग्नल लाल होता. मी थांबलो नाही. ती सांगते की तिनं हाक मारली, मांडीवर चापट मारली, हात ओढला. मी तिचा हात बाजूला केला, झोपेत माशी हाकलावी तसा. पाय पेडलवर तसाच. पुढं एमआयडीसीला निघालेला एक कामगार सायकलवर होता, हँडलला डबा. ती ओरडली, पण त्याच्याकडं बघून ओरडली, कारण मला ऐकू येत नाही हे तिला आता कळलं होतं. मग तिनं ब्रेक ओढला. दोन हातांनी, सीटवर पाय टेकवून

सायकलवाल्याचं काय झालं, ते मी तिला विचारलं.

"सांगितलं की अप्पा. आत्ताच सांगितलं. तो पडला. मग उठला, डबा उचलला, तुमच्या काचेवर हात आपटला, शिव्या दिल्या आणि गेला. तुम्ही हूं हूं म्हणत होता."

मी वर बघितलं. या पानावर त्यातलं काहीच नाही. वाक्य पायापाशी सुटलंय, आणि तिथं शाईचा डाग खालच्या पानापर्यंत उतरलाय. मी गेलो होतो, हे मला कुठूनच कळलं नाही. ना वास, ना काही. मी आपला लिहीतच होतो.

"आत्तासुद्धा?" मी विचारलं.

तिनं हो म्हणून मान हलवली. माझ्या हातावर हात ठेवून बसली होती ती. केव्हापासून, ते मी विचारलं नाही.

"आईला बोलव," मी म्हणालो.